एक मोठी की दोन लहान

९ सप्टेंबर

पितृपक्ष लागला. आता घटस्थापनेपर्यंत ना कुणाचा साखरपुडा, ना कुणाच्या दुकानाचं उद्घाटन. भोरच्या एसटी स्टँडसमोरचं आमचं 'सुलक्षणा व्हिडिओ' या दिवसांत ओस पडतं. म्हणून दरवर्षी या पंधरवड्यात मी दुकान झाडायला काढतो, आणि दरवर्षी रत्ना म्हणते, "झाडता कशाला? टाकत तर काय बी न्हाई तुमी."

बायको म्हणते ते खरं आहे. मी टाकत नाही. भोर-वेल्ह्यात मी जी जी लग्नं शूट केली, त्यांचं सगळं कच्चं फुटेज माझ्याकडे आहे. नवरदेवाची चप्पल पळवलेली, मामा रुसून मांडवाबाहेर उभा राहिलेला, आचाऱ्याचं आणि वरबापाचं वांग्यावरून भांडण झालेलं, सगळं. बाकीचे शूटिंगवाले पैसे हातात पडले की पुसून मोकळे होतात. वेल्ह्याचा गेनू तर आजच्या लग्नाचं कार्ड पुसून त्यावरच उद्याची हळद घेतो. त्यालाही लोक व्हिडिओवाला म्हणतात, काय बोलायचं!

अडचण एकच. हे सगळं जुन्या हार्ड डिस्कांवर आहे आणि त्या काउंटरखाली बुटांच्या खोक्यांत पडल्या आहेत. एक लावली की कण्हते, दुसरी टकटक करते, तिसरीत मुंग्या निघाल्या. त्यात डिसेंबरात धाकटीचं, मंगलचं लग्न. ते मी स्वतः फोर-केमध्ये शूट करणार आहे. फोर-के म्हणजे चित्र इतकं स्पष्ट की अक्षता मोजून घ्याव्यात, आणि जागा इतकी खातं की एका लग्नात एक जुनी डिस्क फस्त. तेव्हा ठरलं. नवीन डिस्क घ्यायची, आणि घ्यायची तर मोठी घ्यायची. वीस टीबी. भोरमध्ये कुणाकडे नसेल अशी.

१२ सप्टेंबर

फारूककडे गेलो. त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान बाजारपेठेत आहे आणि माझी मशीन पहिल्यापासून तोच बघतो. माणूस चांगला, पण जन्मजात भित्रा. पाऊस नसतानाही दुकानाचं शटर अर्धंच उघडतो.

मी म्हणालो, वीसची एक बघ. चाळीस हजारांच्या पुढेमागे जाते, मला माहीत आहे.

"मानसिंगराव, एक मोठी घेऊ नका," तो म्हणाला. "दोन लहान घ्या. आठ-आठच्या. एकीत ठेवायचं, दुसरीत त्याचीच नक्कल. एक हितं, दुसरी घरी."

"म्हणजे पैसे दोनचे आणि जागा एकीची?"

"व्हय."

"आणि दुसरी काय करणार?"

"काय न्हाई. पडून ऱ्हाणार."

हा त्याचा धंदा! मी त्याला हिशेब मांडून दाखवला. मोठी डिस्क दर टीबीला स्वस्त पडते. एकच वायर, एकच प्लग. शोधाशोध नाही. उत्रोलीचं लग्न कुठल्या खोक्यात आणि किकवीचं कुठल्या, ही कटकट मिटली. उलट दोन लहान घेतल्या तर माझं जुनंच सगळं त्यात मावणार नाही, फोर-केचं तर विसराच. एकच लग्न दोनदा ठेवायचं म्हणजे एकाच नवरीला दोन मंगळसूत्रं.

तो म्हणाला, "समदं बरोबर हाय. फकस्त ती गेली तर समदं जाईल."

मी म्हणालो, नवी कोरी डिस्क कशाला जाईल?  त्यावर त्याने चहा पाजला.

१४ सप्टेंबर

घरी विषय काढला. रत्ना तांदूळ निवडत होती. तिचं माहेर उत्रोलीचं, भाताच्या पलीकडे तिला उदाहरण सुचत नाही. म्हणाली, "आमच्यात बियाणाचं भात आन खायाचं भात एका कणगीत कदी ठेवलं न्हाई. घुशी लागल्या तर पेरायचं काय?" मी म्हणालो, अगं, डिस्कला घुशी लागत नाहीत. "मुंग्या लागल्या की," ती म्हणाली आणि पुन्हा निवडायला लागली. बायकांशी तंत्रज्ञानावर बोलू नये.

संध्याकाळी सुलक्षणाचा वेल्ह्याहून फोन. थोरली माझी. दुकानाला नाव तिचंच. तिने नेहमीचं विचारलं, "आबा, माझ्या लग्नाचा पिक्चर कदी देताय? सगळ्या भोराला दिला, मलाच न्हाई."

खरंच राहून गेलंय. आठ वर्षं झाली. गिऱ्हाइकाचं काम पुढे येतं आणि घरचं मागे पडतं. शिवाय तिचा पिक्चर मला साधा नाही करायचा. त्या लग्नाइतकं चांगलं शूटिंग मी आयुष्यात केलेलं नाही. दुसऱ्या कुणाच्या हातात कॅमेरा द्यायला मन घेईना, म्हणून अक्षतांपासून पाठवणीपर्यंत मीच उभा होतो. कन्यादानालासुद्धा पाटावर धाकट्या भावाला आणि भावजयीला बसवलं, चिमाजीला आणि त्याच्या मंडळींना, आणि मी समोर गुडघा टेकून तळहातावरून पडणारी पाण्याची धार अशी टिपली की काय सांगू. स्वतःच्या लेकीचं कन्यादान स्वतः शूट केलेला बाप दोन्ही तालुक्यांत दुसरा दाखवा. रत्ना त्या दिवशी जरा गप्प होती, पण लेक जायची म्हटल्यावर आई गप्प असणारच.

फोनवर सुलक्षणाला शब्द दिला. या दिवाळीत पिक्चर तुझ्या हातात.

ती म्हणाली, "त्यात तुमी कुठं दिसता का हो आबा?"

मी हसलो. कॅमेऱ्यामागचा माणूस कसा दिसेल? पोरगी शिकली, पण तेवढं काही कळत नाही.

२२ सप्टेंबर, घटस्थापना

आणली! पुण्याहून एसटीने, मांडीवर घेऊन. शेजारच्या बाईला खिडकीची जागा दिली, कारण खिडकीतून वारा लागतो. काळा डबा, वरच्या बाजूला बारीक जाळी, पुढे निळा दिवा. सुरू केली की दिवा लुकलुकतो आणि आतून अगदी बारीक गुणगुण येते. माझी सगळी खोकी एका बाजूला आणि हा डबा एका बाजूला. त्या सगळ्यांना पोटात घेऊन वर निम्म्याहून जास्त रिकामा राहणार.

दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला दाखवली. पोस्टमननेही विचारलं, केवढ्याची? सांगितल्यावर त्याने हात लावायचं टाळलं. हौसेला मोल नाही म्हणतात ते उगाच नाही.

आजपासून जुन्या डिस्का एकेक करून नवीत ओततोय.

२९ सप्टेंबर

काम फत्ते. सगळं ओतून झालं आणि जुन्या डिस्का गेल्यासुद्धा. वेल्ह्याचा सोमनाथ दुकानांना सीसीटीव्ही बसवतो, त्याला रेकॉर्डिंगला जुन्या चालतात. पोत्यात भरून टेम्पोत टाकून घेऊन गेला. मोठीच्या किमतीतला थोडा भार हलका झाला.

फारूक म्हणत होता, "दसरा तरी होऊ द्या, मग द्या." दसऱ्याचा आणि डिस्कचा काय संबंध? त्याला म्हटलं, तू ईदला तुझे जुने कपडे जपून ठेवतोस का? तो म्हणाला, "ठेवतो की. अजराला फडकी लागत्यात." अजरा म्हणजे त्याची बायको.

काउंटरखाली आता इतकी जागा झाली की रत्नाने तिथे डब्याची पिशवी ठेवली. सुलक्षणाच्या पिक्चरचं कापकाम रंगात आलंय. कन्यादानाचा शॉट मी चार वेळा नुसता बघत बसलो. धार तुटत नाही. हात हलला नाही माझा, तेव्हाही नाही.

२ ऑक्टोबर, दसरा

पूजा झाली. नारळ फोडला. डिस्क बंद पडली. आज लिहवत नाही.

३ ऑक्टोबर

जे झालं ते लिहून ठेवतो.

दसऱ्याला आपण हत्यारं पुजतो. कॅमेरे, लाइट, स्टँड, सगळं पाटावर मांडलं, झेंडूची माळ घातली. नवी डिस्क मध्यभागी. तिचा पहिला दसरा, म्हणून तिला मान. ती बंद करून पुजायला माझं मन होईना. आमच्याकडे टेम्पोची पूजा असली तर इंजिन सुरू ठेवतात, हत्यार जागं हवं. निळा दिवा लुकलुकत होता, फार छान दिसत होता. हळदकुंकू वाहिलं आणि पाटापुढे नारळ फोडला. नारळ निघाला पाण्याने गच्च. पाणी उडालं ते नेमकं जाळीतून आत. चर्रर्र आवाज, जळल्याचा वास, दिवा गेला.

मंगल म्हणाली, "आबा, पिन काढा!" काढली. मग वाटलं, आत ओल राहिली तर गंजेल. माझ्याकडे कॅमेरा उघडायचे पाने आहेत. बाहेरचा डबा काढला, मग आतल्या चकचकीत पेटीचे बारीक स्क्रू काढले, झाकण उचकटलं. आत आरशासारख्या तबकड्या. पाणी कुठेच दिसलं नाही, पण मन राहीना. लेन्स पुसायचं मऊ फडकं घेतलं आणि लेन्स पुसतो तशा गोल गोल हलक्या हाताने सगळ्या तबकड्या पुसल्या. माझ्यासारखी लेन्स भोरमध्ये कुणी पुसत नाही.

पुन्हा जोडून लावली. काही नाही.

६ ऑक्टोबर

डबा घेऊन फारूककडे. मी सगळं सांगितलं. नारळापर्यंत तो मान डोलावत होता. "बोर्ड जळलाय नुसता, पुण्यात बदलून देत्यात, आतलं समदं शाबूत असतं," म्हणाला. माझ्या जिवात जीव आला. मग मी फडक्याचं सांगितलं.

"उघडली?"

"हो."

"आन पुसली?"

"मऊ फडक्याने."

त्याने डबा हळूच काउंटरवर ठेवला. मग म्हणाला, "मानसिंगराव, त्या तबकडीवर धुळीचा कण बी चालत न्हाई. माणसाचा श्वास बी चालत न्हाई." आणि त्याने शटर आणखी थोडं खाली ओढलं, कुणी आत येऊ नये म्हणून. तरी त्याने पुण्यातल्या माणसाला फोन लावून विचारलं. तिकडचा माणूस फोनवर हसला, मला ऐकू आलं.

म्हणजे मी पुसायला गेलो नसतो तर सगळं वाचलं असतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

फारूक 'मी सांगितलं होतं' असं एकदाही म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

८ ऑक्टोबर

गाडी काढून नसरापूरवरून वेल्ह्याला गेलो. एकच आशा, सोमनाथकडच्या जुन्या डिस्का.

सोमनाथने सरळ सांगितलं, "काका, त्या तर कवाच बसवल्या. रात्रंदिस रेकॉर्डिंग चालू हाय." मला एका किराणा दुकानात नेऊन पडदा दाखवला. दुकानाची पायरी, पायरीवर झोपलेलं कुत्रं. माझ्या लग्नांवर, हळदींवर, वरातींवर आता ते कुत्रं झोपलं होतं. अधूनमधून कान हलवत होतं. चित्र पण धड नव्हतं.

वेल्ह्यात येऊन लेकीकडे न जाणं शक्य नाही. जावई तहसील कचेरीत गेले होते. सुलक्षणाने चहा केला, भाकरी टाकते म्हणाली. आणि मग विचारलंच, "पिक्चर कुठवर आला?"

मी म्हणालो, शेवटचा हात फिरवतोय.

खोटं नव्हतं ते. शेवटचा हात मीच फिरवला.

ती इतकी खूश झाली की शेजारणीला हाक मारून सांगितलं, माझे आबा पिक्चर घेऊन येणार दिवाळीत. मी चहा तसाच ठेवून उठलो. परतताना घाटात थांबलो, तोरण्याकडे बघत बसलो. इतकी वर्षं लोकांना सांगत आलो, मानसिंगकडे आहे म्हणजे कुठे जात नाही.

९ ऑक्टोबर

रत्नाला सांगितलं. भाकरी भाजत होती. ओरडेल वाटलं, ओरडली नाही. तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "तिच्या पाटावर आपुन बसलो न्हाई. आन चिमाजी भावजी बसल्यालं व्हतं, ते बी गेलं."

रागात माणूस काहीतरी बोलतो. मी ताट वाढून घेतलं.

जेवण झाल्यावर तीच म्हणाली, "लोकांच्या घरी हायेत की तुमी दिलेल्या लग्नाच्या सीड्या. मागा."

मागा! इतकं सोपं असतं तर! पंचवीस वर्षं मी छातीवर हात मारून सांगितलं, आणि आता दारोदार जाऊन म्हणू की नारळाच्या पाण्यात माझं दुकान बुडालं? आणि सुलक्षणाची सीडी कुणाच्या घरी असणार? ती तर मी काढलीच नाही.

१० ऑक्टोबर

झाकली मूठ सव्वा लाखाची. सकाळी अंघोळ करताना सुचलं. मोबाईलवर स्टेटस टाकलं:

"सुलक्षणा व्हिडिओचा रौप्यमहोत्सव! आम्ही शूट केलेल्या आपल्या लग्नाची जुनी सीडी घेऊन या, दिवाळीनिमित्त नव्या पेनड्राइव्हवर मोफत भरून मिळेल. आपला मानसिंग."

पंचवीस वर्षं खरोखरच झाली आहेत, त्यामुळे खोटं काही नाही. त्यांना पेनड्राइव्ह, मला नक्कल. फारूकला दाखवलं तर पोट धरून हसला. "तुमी निवडणुकीला उभं ऱ्हावा," म्हणाला. त्याच्याकडून आठ-आठच्या दोन डिस्का घेतल्या. पैसे सावकाश द्या म्हणाला. कुठली एक आणि कुठली दुसरी हे मी विचारलं नाही, मुकाट्याने दोन्ही पिशवीत घातल्या.

१५ ऑक्टोबर

हे असं होईल वाटलं नव्हतं. स्टँडवर उतरलेली माणसं सरळ दुकानात येतात. काल तर रांग लागली होती, रसवाला विचारायला आला की रेशन आलं का.

किकवीची चंद्राबाई आली. तिच्या मुलाच्या लग्नाचं शूटिंग मी केलं होतं. सीडी शालूच्या घडीत, घडीत डांबरगोळी. म्हणाली, "दर संक्रांतीला लावतो आमी. मागच्या वर्सापास्नं मशीन बंद हाय, तर नातवंडं इचारत्यात आजीचा डान्स कदी." तिच्या डान्सचं फुटेज मी लांब होतंय म्हणून कापणार होतो, तिनेच त्या वेळी हट्ट केला होता.

एकाने देवघरातून काढून आणली, हळदीची बोटं उमटलेली. एका बाईने नवऱ्याशी भांडण झालं की लावते म्हणून सांगितलं, नवरा शेजारी उभा. रखमाजी पाटलांनी तर तिजोरीतून काढून आणली, सातबाऱ्याच्या शेजारून.

उत्रोलीचे एक पाहुणे मात्र हात हलवत आले. म्हणाले, शेतात चला. भात पिवळं झालंय, चिमण्या पडतात, म्हणून बांबूला सीड्या बांधून टांगल्या आहेत. त्यातली एक माझी. लांबून बघितली तर सगळ्यांत जास्त चमकत होती. 'सुलक्षणा व्हिडिओ, भोर' अजून वाचता येत होतं. मला आधी राग आला. मग बघितलं, तिच्या आसपास एक चिमणी फिरकत नव्हती. माल चांगला होता माझा. ओरखडे इतके होते की चाललं अर्धंच, पण वरमाला मिळाली.

मी आजवर समजत होतो की भोर-वेल्ह्याची लग्नं माझ्या खोक्यांत आहेत. ती शालूंच्या घड्यांत, तिजोऱ्यांत, देवघरांत होती. आणि कुणी म्हणून कुणी टाकली नव्हती. छाती आज इतकी फुगली की शर्टाचं बटण तुटलं, खरोखर. रत्नाने लावून दिलं.

सगळं नाही मिळालं. मिळणारही नाही. कच्चं फुटेज तर गेलंच, रुसलेले मामा गेले, आचारी गेले. पण रोज दोन्ही डिस्कांवर भर पडते आहे. संध्याकाळी एक घरी नेतो.

फक्त सुलक्षणाचं काही नाही. चिमाजीला विचारलं, तो म्हणाला, "दादा, तुझा कॅमेरा असल्यावर आमी कशाला मोबाईल काढतोय?" मीच सगळ्यांना दटावलं होतं, मध्ये मध्ये मोबाईल आणू नका, फ्रेम बिघडते.

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

दुपारी फारूकची अजरा आली. हातात जुना मोबाईल, काच तडकलेली. म्हणाली, "भाऊजी, रौप्यमहोत्सवात ह्ये बी घेता का? फौजियाच्या बारशाचे फोटो हायेत, चार्जिंग ऱ्हात न्हाई आता." मी म्हणालो, सीडीचं होतं, पण आण. फौजिया तिची भाची. फोटो उतरवून घेत होतो तर मध्येच एक व्हिडिओ आला. मांडव ओळखीचा वाटला.

"ही तुमच्या सुलक्षणाची पाठवणी," अजरा म्हणाली. "तुमी नगं म्हनला व्हता, तरी म्या लपून काढला. बायकांत हुबी व्हते."

उभा मोबाईल धरलेला. चित्र हलतंय. निम्म्या वेळा कुणाचा तरी पदर मध्ये. आवाज फुटलेला. लग्नात असं शूटिंग मी केलं असतं तर पैसे परत दिले असते.

त्यात सुलक्षणा रडत गाडीकडे चाललीये आणि तिच्या पुढे एक माणूस खांद्यावर कॅमेरा घेऊन उलटा चालतोय. "सुलक्षणा, हिकडं बघ. मान वर. मान वर कर, बाळ," असं म्हणतोय. तिने मान वर केली. आणि तो माणूस थांबला. कॅमेरा खांद्यावरून खाली आला, नुसता हातात लोंबत राहिला. मग सुलक्षणाने पुढे होऊन तो कॅमेरा त्याच्या हातातून काढून घेतला, शेजारी फारूक होता त्याच्याकडे दिला, आणि त्या माणसाचं डोकं स्वतःच्या खांद्यावर घेतलं. तो माणूस लहान पोरासारखा रडत होता. रत्ना येऊन त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती.

तो मी होतो हे मला दुसऱ्यांदा बघून पटलं. मला यातलं काही आठवत नाही. माझ्या फुटेजमध्ये त्या जागी नुसती माती आणि लोकांच्या चपला होत्या. मी समजत होतो, बटण चुकून चालू राहिलं. गेल्या महिन्यातच ते कापून टाकलं होतं.

अजरा विचारत होती, काय झालं भाऊजी. मी म्हणालो, फ्रेम फार हलतेय.

२२ ऑक्टोबर, पाडवा

सुलक्षणा काल संध्याकाळी आली. आज सकाळी तिने आणि मंगलने मला ओवाळलं. ताटात ओवाळणी घालायच्या आधीच मी सांगून टाकलं. नारळ, फडकं, सोमनाथचं कुत्रं, सगळं. रौप्यमहोत्सवाचं पण. कन्यादानाचा शॉट गेला, धार गेली, आता काही मिळणार नाही.

तिचे डोळे भरून आले. निरांजन हातात तसंच. मला वाटलं जमीन दुभंगावी.

मग मी अजराचा व्हिडिओ लावला. आधीच बजावलं, हे शूटिंग नव्हे, नुसतं मोबाईलवरचं आहे, उभं आहे, आवाज खराब आहे. निदान तुझी साडी दिसते.

तिने एकदा बघितला. परत लावा म्हणाली. तिसऱ्यांदा तिने स्वतःच लावला. मी सांगत होतो की डावीकडचा बांबू मध्ये येतोय तो मी कापून देईन, रंग दुरुस्त करून देईन.

"आबा, त्याला हात लावायचा न्हाई," ती म्हणाली. "त्ये कन्यादान गेलं ना, जाऊ द्या. त्यात तुमी नव्हताच. आठ वर्सं मला वाटतंय, माझ्या लग्नाला माझा बाप आला न्हाई, व्हिडिओवाला आला. ह्यात हाय तुमी."

असं कसं म्हणते? सगळ्या लग्नात पाठ टेकली नाही मी. त्या धारेसाठी गुडघा सोलला होता माझा. पण ती माझा हात धरून बसली होती, म्हणून वाद घातला नाही.

रत्ना दारात उभी होती. म्हणाली, "मंगलच्या येळंला म्या पाटावर बसणार हाय. एकटीला बसू देत न्हाईत. तुमी आला तर बरं हुईल."

मंगल माझ्याकडे बघत होती.  मी उठून त्या व्हिडिओची नक्कल एका डिस्कवर केली, मग दुसऱ्या डिस्कवर केली. मग आणखी एक पेनड्राइव्हवर करून सुलक्षणाच्या हातात दिली.

२७ ऑक्टोबर

मन अजून पूर्ण घेत नाही. फोर-केचा कॅमेरा, हात माझ्यासारखा स्थिर, आणि मी पाटावर बसायचं? पण तिघी एका बाजूला आणि मी एका बाजूला, त्यापेक्षा मोठ्या डिस्कशी भांडणं सोपं.

आज वेल्ह्याला जाऊन गेनूला मंगलच्या लग्नाचं शूटिंग सांगून आलो. त्याला खरं वाटेना. "दादा, तुमच्या घरचं लग्न आन म्या?" दोनदा विचारलं. मी म्हणालो, हो, तू. हात चांगला आहे तुझा, फक्त कार्ड पुसायची खोड वाईट. मंगलच्या लग्नाचं कार्ड पुसलंस तर याद राख. दोन ठिकाणी ठेवायचं, मग कार्डाला हात लावायचा. कारण विचारायला लागला, मी नारळाची गोष्ट सांगितली. पहिल्यांदाच कुणाला हसत हसत सांगितली.

मग कागदावर मांडव काढून त्याला एकेक जागा समजावली. तो म्हणाला, "कन्यादानाला कॅमेरा डावीकडं लावतो, नवरी चांगली दिसंल."

मी म्हणालो, नाही, उजवीकडे लाव. तिथून रत्ना दिसते.